इंजिन उतरलंच हाय तर

इंजिन उतरवायच्या आधी मिस्त्री गाडीच्या मालकाला चटईवर बसवायचे. चटई म्हणजे शेजारच्या कारखान्यातली, विणताना डाग पडलेली एक चादर, चौपदरी घडी घातलेली. मालकानं तिच्यावर बसायचं आणि आपल्या गाडीचं इंजिन साखळीला लटकून वर येताना बघायचं. मधे उठायचं नाही. फोन आला तर खिशातच वाजू द्यायचा.

मिस्त्री गेले त्याला आता दोन महिने होतील. त्यांच्याविषयी लिहावं असं रोज वाटतं, आणि रोज एखादी बारीकशी गोष्ट आठवून हात थांबतो. इतक्या गोष्टींपैकी कोणती आधी सांगावी, हे कळत नाही. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. वस्तू क्रमानं लावणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पण हा माणूस कुठल्याच क्रमात बसत नाही.

अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात त्यांचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. दोन्ही बाजूंच्या मागांचा खडखडाट दिवसभर चालू, त्यामुळे तिथे सगळेच ओरडून बोलत. मिस्त्री मात्र हळूच बोलायचे. ऐकायचं असेल तर जवळ जावं लागे. इंजिन दुरुस्त झालं की ते लगेच सुरू करून बघत नसत. कारखान्यांची जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबत. माग बंद पडले की बोळात अचानक शांतता पसरे. तेवढ्या अर्ध्या तासात ते इंजिन चालू करून, डोळे मिटून, एका पायावर भार देऊन ऐकत उभे राहायचे. डबा तसाच राहायचा. त्यांची कडक भाकरी मी कायम माग सुरू झाल्यावरच खाल्ली जाताना पाहिली.

ते घरी तेलुगू बोलत आणि आमच्याशी सोलापुरी मराठी. नट आवळताना मात्र मोजणी तेलुगूतच व्हायची, वकटी, रेंडू, मूडू. मी एकदा विचारलं, मराठीत का नाही मोजत? म्हणाले, "वडील मागावर धागे तसेच मोजायचे. मराठीत मोजलं की हाताला कळत न्हाई."

त्यांच्याकडे स्वतःचं वाहन एकच, सायकल. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं उघडणाऱ्या माणसानं साधी मोपेडसुद्धा घेतली नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "सायकलीला सील न्हाई. गळायची भीती न्हाई."

सील हा त्यांचा ध्यास होता. इंजिनातला फिरणारा दांडा जिथे बाहेर येतो तिथून तेल गळू नये म्हणून रबराचं एक कडं बसवलेलं असतं, त्याला ऑईल सील म्हणतात. कड्याच्या आतली पातळ कड दांड्याला सगळीकडून टेकलेली असते. तिला मिस्त्री ओठ म्हणायचे. एवढं अवजड इंजिन, आणि तेल अडवून धरतो तो नखाएवढा रबरी ओठ, याचं नवल त्यांना शेवटपर्यंत ओसरलं नाही. लोक क्लच गेला म्हणून येत. मिस्त्री म्हणत, "इंजिन उतरलंच हाय तर सीलं बदलून टाकू." पुढचं, मागचं, गिअरबॉक्सचं, सगळीच. एरवी हे मागचं सील हाताला लागतच नाही. ते बदलायचं तर सगळं इंजिन खाली घ्यावं लागतं. म्हणून एकदा दार उघडलं की आतलं काही झाकून ठेवायचं नाही, असा त्यांचा हिशोब.

हे वाक्य त्यांना गॅरेजबाहेरही पुरायचं. माझे वडील गेल्यावर गाडीचे कागद शोधायला मी त्यांचं कपाट उघडलं होतं, कागद घेतले आणि घाईघाईनं लावून टाकलं. हे मी सहज बोलून गेले. मिस्त्री कपड्यानं हात पुसत म्हणाले, "अक्का, कपाट उघडलंच व्हतं तर सगळं काढायचं की बाहीर. अर्धं ठिवून दार लावलं की पुन्यांदा उघडायला लई जड जातं." ते माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, पण मला अक्काच म्हणत.

मालकाला बसवण्याच्या नियमावरून त्यांची भांडणं व्हायची. एक डॉक्टर होते, जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांनी आपल्या जागी ड्रायव्हरला पाठवलं. मिस्त्रींनी इंजिन साखळीला टांगलं आणि तसंच सोडून दिलं. तीन दिवस ते इंजिन बोळात लोंबकळत होतं. चौथ्या दिवशी डॉक्टर तणतणत आले. मिस्त्रींनी त्यांना चादर पसरून दिली आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, पेशंटच्या पोटाला टाके घालायला ड्रायव्हरला पाठवता व्हय तुमी?" डॉक्टर हसले आणि बसले. नंतर तेच लोकांना ही गोष्ट सांगत फिरले.

नियमाचा दुसरा भाग आणखी विचित्र होता. इंजिनाचं मागचं सील मालकानं स्वतःच्या हातानं बसवायचं. त्यासाठी मिस्त्रींकडे एक लाकडी चकती होती. वडिलांचा हातमाग मोडला तेव्हा त्याच्या सागवानी खांबातून त्यांनी ती कातून घेतली होती. नवं सील रात्रभर तेलात भिजत ठेवायचं, कारण कोरड्या सिलाचा ओठ पहिल्याच फेऱ्यांत जळतो. मग ते दांड्यावर चढवायचं, वर चकती धरायची आणि लाकडी हातोडीनं हलके ठोके द्यायचे. मिस्त्री ठोके मोजत आणि मधेच थांबवत. सील पूर्ण आत जाऊ द्यायचं नाही. जुन्या सिलाच्या ओठानं वर्षानुवर्षं घासून दांड्यावर एक बारीक चर पाडलेली असते. नवा ओठ त्या चरीत बसला की गळतीच. म्हणून जुन्या जागेपासून जरासा बाहेर, कोऱ्या लोखंडावर तो टेकवायचा. हे मला त्यांनी इतक्यांदा समजावलं की मी आता झोपेतही सांगू शकेन.

मालकाच्या हातानंच का, याची त्यांची उत्तरं बदलत. कधी म्हणत, "उद्या गळलं तर माझ्यावर वरडायला नको." कधी म्हणत, "एकदा व्हट बोटाला लागला की मानूस गाडी दामटत न्हाई."

आता तारेविषयी. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत एक तार ताणलेली होती आणि तिच्यात काढलेली जुनी सीलं ओवलेली होती. प्रत्येकाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर गाडी कुणाची, सील कशानं गेलं आणि मालकानं आपली चूक सांगितली की नाही. 'ऊन.' 'वय.' 'तेल नव्हते. सांगितले नाही.' 'भलतेच तेल. विचारल्यावर सांगितले.' नातेपुत्याच्या एका जीपवाल्याच्या चिठ्ठीवर नुसतंच 'खोटे बोलला' असं होतं. लोक ती तार वाचत आणि ओळखीचं नाव सापडलं की हसत. शेजारच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर, नरसय्या, साखळी ओढायला नेहमी यायचा. तो म्हणायचा, "मिस्त्री, यमाकडं पन अशीच तार आसंल बघा." मिस्त्री म्हणायचे, "आसंल. पन त्याचं अक्षर माझ्यासारखं चांगलं नसंल."

चिठ्ठ्या पूर्वी ते कसल्याही खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहीत. आमच्या ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर गेल्यावर जुनी तालिकापत्रं कपाटात पडून होती. जाड, लहानशी, खाली सळई घालायला भोक असलेली. रद्दीत जाणार होती, ती मी त्यांना नेऊन दिली. एका बाजूला पुस्तकाची नोंद, दुसरी बाजू कोरी. मिस्त्रींनी भोकातून प्रकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तर तारेसाठीच केलंय की."

या तारेवर माझ्या वडिलांचीही चिठ्ठी होती. आमची गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असलेली, फिकट निळी. मी शाळेत असताना आत्याला करकंबहून दवाखान्यात आणायचं होतं. वाटेत तेलाचा लाल दिवा लागला, तरी वडिलांनी गाडी थांबवली नाही. आत्या वाचली, इंजिनाचे हाल झाले. चिठ्ठीचा पुठ्ठा पिवळा पडला होता. त्यावर लिहिलं होतं, 'घाई. त्याच दिवशी सांगितले.' वडील गेल्यावर मी ती प्रथम वाचली. त्यांच्याविषयी इतक्या मोजक्या शब्दांत इतकं खरं मी स्वतःही लिहू शकले नसते.

वडिलांनंतर ती गाडी विकावी असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मला जमेना. तिच्या आत त्यांच्या टोपीचा आणि जुन्या रेक्झिनचा वास होता. मी रविवारी ती विजापूर रोडपर्यंत नेऊन आणायची, एवढंच. पोर्चमध्ये तिच्याखाली तेलाचा डाग पडे. वडील त्यासाठी पत्र्याचं ताट ठेवत. मीही ठेवू लागले. मग क्लच गेला आणि मिस्त्री म्हणाले, "इंजिन उतरलंच हाय तर..." मी म्हटलं, "बदला."

गेल्या वर्षीची गोष्ट. मी रजा घेतली आणि सोमवारी सकाळी चादरीवर बसले. नरसय्यानं साखळी ओढली. वडिलांच्या गाडीचं इंजिन हवेत वर आलं तेव्हा ते मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान दिसलं. मिस्त्रींनी गिअरबॉक्स, क्लच, इंजिनाच्या मागचं फ्लायव्हीलचं जड चाक असं सगळं उतरवलं, जुनं सील काढलं. ते लाकडासारखं कडक झालं होतं. दांड्यावरच्या चरीवरून त्यांनी माझं नख फिरवून दाखवलं. मग तेलातून नवं सील काढून माझ्या हातात दिलं.

"सावकाश, अक्का. पुस्तकाचं पान उलटता तसं."

मी सील दांड्याच्या टोकावर चढवलं. चढताना एका जागी, उजव्या अंगठ्याखाली, काहीतरी किंचित मागे सरल्यासारखं वाटलं. पानाचा कोपरा दुमडला की बोटाला कळतं, तसं. मी थांबले. वर पाहिलं. नरसय्या म्हणत होता, "मिस्त्री, अक्काचा हात बघा, मागावर घालू काय?" मिस्त्रींच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. डोळ्यांवरच्या चष्म्याला दोरी बांधलेली, मान तिरकी. इतकं कौतुक माझ्या वाट्याला क्वचित येतं. वाटलं, भास असेल. मला यातलं काय कळतं? मी चकती ठेवली. त्यांनी मोजलं, मी ठोकलं. सातव्या ठोक्याला त्यांनी माझा हात धरला. "बस. लई झ्याक."

मंगळवारी इंजिन परत गाडीत बसलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले आणि मिस्त्रींनी ते सुरू केलं. ते डोळे मिटून ऐकत होते, हसत होते. मग त्यांनी नेहमीप्रमाणे गाडीखाली पांढरा कागद सरकवला. कुठलीही गाडी ते त्या कागदाची परीक्षा झाल्याशिवाय देत नसत. पाच मिनिटांनी कागद बाहेर काढला. मध्यावर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, तेलाचा एक गोल थेंब होता. अजून पसरत होता.

मला लगेच कळलं. अंगठ्याखालची ती जागा मला पुन्हा जाणवली.

मिस्त्री कागद उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मीच जास्ती ठोकून घेतलं. ठिकान चुकलं माझं. चरीत बसलं." मी तोंड उघडलं, तेवढ्यात माग सुरू झाले आणि बोळ खडखडाटानं भरला. हे कारण मी स्वतःला पुढे बरेच दिवस देत होते. खरं तर त्यांच्या जवळ जाऊन बोलता आलं असतं. जवळ जावं लागे, एवढंच.

गुरुवारी मी गेले तर गॅरेजचं एक दार बंद होतं. मिस्त्री आत पाने-पक्कड पुसून एका पेटीत भरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं इंजिन मी दुसऱ्या मिस्त्रीकडनं उतरवून देतो. चांगला हाय तो. माझे हात गेले अक्का. नजर गेली तर चालतं, मोजनी गेली की संपलं." मी म्हटलं, "एका सिलावरून?" ते म्हणाले, "एक कसं? मला कळलेलं एक." नरसय्या दारात उभा होता. मिस्त्रींनी ती लाकडी चकती त्याच्या हातात दिली. "मागाचं लाकूड हाय. मागाकडं घिऊन जा." नरसय्यानं एरवी काहीतरी टोमणा मारला असता. तो चकती घेऊन गप निघून गेला.

मी घरी आले. पत्र्याचं ताट पोर्चमध्ये रिकामं पडलेलं होतं. वडिलांची चिठ्ठी आठवत राहिली. मला माझ्या मौनाचा कधी त्रास झाला नव्हता. ग्रंथालयात तो गुणच मानतात. मी कमी बोलते म्हणून माझ्या हातून कुणाचं वाईट झालं नाही, अशी माझी समजूत होती.

शुक्रवारी सकाळी माग सुरू व्हायच्या आधी मी बोळात पोचले. मिस्त्री सायकलवरून उतरत होते. मी तिथेच, रस्त्यात, सांगितलं. "मिस्त्री, तुमची मोजणी बरोबर होती. सील चढवताना माझ्या अंगठ्याखाली ओठ दुमडला. मला कळलं होतं. मी बोलले नाही."

त्यांनी सायकल भिंतीला लावली. कुलूप काढलं. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग ते वळले.

"झोपला कशा तुमी?"

"झोपले नाही."

"मी पन न्हाई झोपलो की!" त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकदाच ऐकला. "दोन रात्री मी एकेक गाडी आठवत बसलो. कुटलं सील माज्या हातानं वाकडं बसलं आसंल, कुटल्या मानसाला मी घाटात अडकवलं आसंल. चाळीस वर्सं उलटी मोजली. दुमडलं तर दुमडलं, त्याला काय? रबर हाय ते. तवाच 'थांबा' म्हटलं असतं तर पाच मिन्टाचं काम व्हतं. इंजिन भायेर व्हतं, अक्का! समदं उघडं व्हतं!"

ते आत गेले, पेटी उघडली आणि पाने पुन्हा खिळ्यांना लावू लागले. पाठमोरेच म्हणाले, "उभं ऱ्हाऊ नका. नरसय्याला बोलवा. चकती घिऊन ये म्हनावं."

नरसय्या चकती घेऊन आला. तिच्यावर चहाच्या ग्लासाचा गोल उमटला होता. "मागाला कायबी उपेग झाला न्हाई," तो म्हणाला, "चा तेवढा गरम ऱ्हायला."

इंजिन पुन्हा उतरलं. मागचं सील निघालं. ओठ एका जागी, अंगठ्याच्या रुंदीएवढा, आतल्या बाजूला मुडपला होता. मिस्त्रींनी तो बघितला, स्वतःच्या बोटानं चाचपला, आणि एक लांब श्वास सोडला. दुसरं सील शनिवारी मीच बसवलं. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "तुमच्याच हातानं. न्हाईतर तुमी गाडी पोर्चात ठिवाल आन् बघत बसाल." चौथ्या ठोक्याला मला काहीतरी वाटलं आणि मी ओरडले, "थांबा!" मिस्त्रींनी हातोडी घेतली, सील अलगद बाहेर काढलं, उजेडात फिरवून पाहिलं. काही झालं नव्हतं. ओठ सगळीकडून सरळ होता. माझी मान खाली गेली.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि सील पुन्हा माझ्या हातात दिलं. "वकटी."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कागद कोरा निघाला. मिस्त्रींनी तो घडी करून मला दिला. मी तो वडिलांच्या कपाटात ठेवला आहे. कपाट आता पूर्ण उघडलं आहे.

त्यानंतर त्यांनी आणखी वर्षभर काम केलं. करमाळ्याचा एक माणूस तीन खेपा करून आपली जुनी गाडी त्यांच्याकडूनच करून गेला. मी अधूनमधून जायची. माझ्या चिठ्ठीविषयी विचारायचा धीर झाला नाही, आणि तार बघायचंही मी टाळत असे.

नरसय्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात टेबलापाशी होते. "अक्का, मिस्त्री गेले. झोपेतच." दहाव्या दिवसानंतर त्यांच्या मुलानं गॅरेज रिकामं करायला काढलं. तो पुण्याला नोकरी करतो. भला माणूस आहे. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हवं ते न्या." भंगारवाला साखळी मोजून बघत होता. मी तार मागितली. मुलाला नवल वाटलं. चकती नरसय्यानं आधीच नेली होती, आणि तिच्यावर तो चहा ठेवत नाही, हे त्यानं मला आपण होऊन सांगितलं.

तार मी घरी आणली आणि टेबलावर पसरली. दोन संध्याकाळी चिठ्ठ्या वाचत होते. वडिलांची सापडली. शेवटाकडे आमच्या ग्रंथालयाची पत्रं सुरू झाली. त्यातल्या एकाला मुडपलेल्या ओठाचं सील बांधलं होतं. मागच्या बाजूला ज्वारीच्या लागवडीवरच्या कुठल्याशा पुस्तकाची, माझ्याच हस्ताक्षरातली नोंद. मी पत्र उलटलं.

'ओठ दुमडला. पाचव्या दिवशी सांगितले.'

मी बोटांवर मोजलं. आजवर मी दोनच दिवस धरत आले होते, बुधवारी कागदावर थेंब दिसला तिथपासून. मिस्त्रींनी सोमवारपासून मोजलं होतं.